फिलीनाच्या पोराचे केस

ब्रायरफील्ड, ओहायो
रविवार, २० सप्टेंबर १९०८

फिलीना,

अक्षर ओळखलंस ना? नसशील ओळखलं तर पाकीट फोडलंच आहेस, आता वाचून टाक. मी अल्विन. तुझा भाऊ. तुझ्या सासूबाईंच्या मते तुला नसलेला.

बाबा गेले तेव्हा दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, त्यानंतर हेच. भांडायला लिहीत नाही. भांडायचं असतं तर त्याच दिवशी भांडलो असतो, तुझ्या दारात. बाळ झालं म्हणून एवढा प्रवास करून आलो, बगलेत लाकडी घोडा, आणि सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईंना भाऊ नाही. तुम्ही घर चुकलात." तू जिन्यात उभी होतीस. मी तुला पाहिलं, तू मला पाहिलंस. पाद्र्याच्या बायकोला न्हावी भाऊ कसा चालेल, हे मला गाडीत बसल्यावर समजलं. असो. घोडा वाटेत कुणाच्या तरी पोराला देऊन टाकला.

आता गप्प राहवत नाही, कारण तेच बाळ काल माझ्या दुकानात आलं होतं.

माझं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर आहे, हे तुला ठाऊक असणार. ठाऊक नसतं तर पोराला आधीच बजावून ठेवलं नसतंस. काल दुसऱ्या वर्षाची तिघं पोरं आली. "कोबकाका, मशीन द्या!" म्हणून एकच गिल्ला. इथली पद्धत अशी की, पहिल्या वर्षाच्या पोरांनी नाताळपर्यंत डोक्यावर हिरवी टोपी घालायची. कातरणीच्या संध्याकाळी जो नवखा बिनटोपीचा सापडेल, त्याच्या डोक्यावरून दुसऱ्या वर्षाचे मशीन फिरवणार. मशीन माझं, जुनं. दुसऱ्या दिवशी ती भादरलेली डोकी सारखी करून घ्यायला नवखे माझ्याकडेच येणार. हसू नकोस. या गावात प्रत्येक दुकानाचं असंच आहे. शेजारची हुल्डाबाई त्याच संध्याकाळसाठी दुप्पट पाव भाजते, कारण मारामारी झाली की पोरांना भूक लागते.

दोघं आत आले, तिसरा दारातच घुटमळला. मी म्हटलं, "ये की रे आत, चावत नाही मी."

"नको. आईनं सांगितलंय, त्या दुकानात जायचं नाही. तिथे वस्तरे उकळत नाहीत म्हणे."

बाकीचे दोघं खो-खो हसले. मी विचारलं, "कोण रे ही तुझी आई, माझ्या वस्तऱ्यांची चौकशी करणारी?"

"आम्ही इंडियानाचे. बाबा धर्मोपदेशक आहेत. रेव्हरंड ट्रेंट."

मग त्यानं टोपी काढली. डोक्यावर दोन भोवरे, एक डावीकडे, एक मागे, थेट बाबांसारखे. माझ्या हातातला ब्रश फेसासकट गिऱ्हाइकाच्या कानात गेला.

फिलीना, भाऊ नाही म्हण. आपला बाप न्हावी नव्हता, सावकार होता म्हण. पण वस्तरे? अगं, ज्या घरात पोरं जेवली की नाही हे विचारायच्या आधी वस्तरे उकळले की नाही हे विचारायचे, त्या घरातली मुलगी तू! दुसरं कुठलंही खोटं सुचलं नाही तुला?

त्याला मी काही सांगितलं नाही. गोड आहे पोरगा. नाक मात्र त्याच्या बापाचं. मशीन मी त्याच्याच हातात दिलं.

अल्विन


रविवार, २७ सप्टेंबर

फिलीना,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हतीच, तरी टपालवाल्याला रोज विचारलं. पण जे घडलं ते तुला कळायला हवं, कारण त्यात तुझा रोलंड आहे.

शुक्रवारी कातरणी झाली. शनिवारी सकाळी मी दुकान उघडतोय तोच एक पोरगेला माणूस आला. डोक्याला रुमाल बांधलेला. रुमाल सोडला तर कपाळापासून मागेपर्यंत मधोमध रस्ता पाडलेला, दोन्ही बाजूंना रान तसंच. चेहरा गुळगुळीत, मिसरूडसुद्धा नाही. मी म्हटलं, "बस बाळा. टोपी का नाही घातलीस?"

"स्टेशनवर वाऱ्यानं उडाली," तो म्हणाला.

"मग दुसरी घ्यायची. आता झालं ते झालं. आणि एक ऐक, नवा डीन यायचाय म्हणतात सोमवारी. त्याच्याकडे रडत जाऊ नकोस. हे डीन लोक जन्मतःच कैरी खाल्ल्यासारखं तोंड करून येतात. हा तर म्हणे पूर्वेकडचा पुस्तकी किडा. त्याला काय कळणार पोरांची मजा?"

असं मी बरंच बोललो. तुला माहितीये, माझ्या हाताबरोबर तोंडही चालतं. मानेशी वस्तरा आल्यावर तो हळूच म्हणाला, "मिस्टर कोब, मी सोमवारचा शुक्रवारीच आलो. मीच तो डीन."

वस्तरा मी आधी बाजूला ठेवला, मग खाली बसलो.

लॅथ्रप त्याचं नाव. हसला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तो हसला नाही. मला त्याचंही वाईट वाटलं. बिचारा नव्या गावात उतरतो काय, अंधारातून तोंडाला फडकी बांधलेली पोरं येतात काय, चिखलात पाडून डोकं भादरतात काय! "मी डीन आहे" असं तो ओरडला म्हणे. त्यावर पोरं म्हणाली, "हो, आणि आम्ही पोप!" दरवर्षी एखादा नवखा असंच काहीतरी ओरडतो. मागल्या वर्षी एक जण गव्हर्नरचा पुतण्या झाला होता.

"मशीन कुणाचं?" डीननं विचारलं.

"माझंच," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मुठीवर नाव आहे.

"नेलं कुणी?"

मी त्याच्या मानेवरचे केस झटकत राहिलो.

"पुढच्या शनिवारपर्यंत मला नाव सांगा," तो म्हणाला. "मशीन ज्याच्या हातात होतं त्याला मी काढून टाकणार. नाव मिळालं नाही, तर कॉलेजचा एकही विद्यार्थी या दुकानाची पायरी चढणार नाही." आणि नमस्कार करून गेला. माणूस सभ्य आहे, तेच तर अवघड आहे.

दुपारी मागच्या दारानं रोलंड आला. कोटाखाली मशीन. चेहरा पिठासारखा पांढरा. "काका, गडबड झाली."

"कळलं. निम्मी गडबड सकाळी माझ्याच खुर्चीत बसून गेली."

"तुम्ही नाव सांगणार का?"

मी विचारलं, "काढून टाकलं तर काय होईल?"

"बाबा दुसरीकडे पाठवणार नाहीत. इथे पाद्र्याचा मुलगा म्हणून फी माफ आहे. आणि आई..." त्यानं मशीन टेबलावर ठेवलं. "आईनं माझ्यासाठी फार केलंय काका."

मी त्याला म्हटलं, जा, मागच्याच दारानं जा, आणि तोंड धू. सांगणार की नाही ते मी बोललो नाही. तुलाही सांगत नाही. तू उत्तर देत नाहीस, मग मी का द्यावं?

अल्विन


शनिवार, १७ ऑक्टोबर

फिलीना,

शनिवारची दुपार आहे आणि मी पत्र लिहीत बसलोय. न्हाव्याच्या मुलीला यातून काय ते समजायला हवं.

नाव सांगितलं नाही. डीनच्या खोलीत जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "साहेब, दुकानात रोज इतकी पोरं येतात, आठवत नाही." त्याला कळलं की मला आठवतंय. तो म्हणाला, "तुमची निष्ठा चुकीच्या ठिकाणी आहे, मिस्टर कोब." मी म्हटलं, "असेल. पण आहे." दुसऱ्या दिवशी प्रार्थनागृहाच्या दारावर कागद लागला, की कोबच्या दुकानात जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सत्रापुरतं काढण्यात येईल.

काळजी करू नकोस, माझं मस्त चाललंय. टपालवाला येतो, स्टेशनमास्तर येतो. प्राध्यापक यायचे, पण विद्यार्थ्यांना बंदी असलेल्या दुकानात त्यांना तरी कसं बसवेल? तीन खुर्च्यांतल्या दोन परवा न्यूअर्कच्या एका न्हाव्याला विकल्या. जागा मोकळी झाली. झाडायला सोपं जातं.

हुल्डाबाई रोज येऊन मला झोडते. काल पाव घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेल्या, सांगून मोकळा हो ना! ते पोरगं तीन वर्षांनी गाव सोडून जाईल आणि तुझं नावसुद्धा विसरेल. कोण लागून गेलाय तो तुझा?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मग काही नाही. पाव ठेव आणि जा."

ती गेली नाही. बसून माझ्याबरोबर कॉफी प्यायली. चांगली बाई आहे, तोंडाची फटकळ. गावातल्या दुकानदारांची बैठक झाली, तिथेही मलाच बोलणी बसली. शिंपी म्हणाला, "कॉलेजशी वाकडं घेऊन या गावात कोण जगलंय?" त्याचं चूक नाही. या गावात आम्ही सगळे पोरांवर जगतो. पोरं येतात, आमच्याकडून कॉलर घेतात, पाव घेतात, फोटो काढून घेतात, आणि मोठी माणसं होऊन निघून जातात. दर शरद ऋतूत नवी येतात. आम्हीच तेवढे म्हातारे होत जातो.

रिकाम्या दुकानात बसलं की नको ते विचार येतात. माणूस माझ्या खुर्चीत बसतो, मान मागे टाकतो, गळा उघडा करतो आणि डोळे मिटतो. न्यायाधीश असो, पाद्री असो. रस्त्यात मला ओळख न दाखवणारे इथे मला आपला गळा देतात. बाबा म्हणायचे, एवढा विश्वास माणूस देवळातसुद्धा ठेवत नाही. मग हे काम हलकं कसं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. तू समजावलंस तरी चालेल.

तुझा मुलगा समोरच्या फुटपाथवरून जातो. आधी बघायचा. आता मान खाली घालून जातो. परवा मी पायरीवर उभा होतो, तर त्यानं रस्ताच बदलला. राग आला मला, खोटं कशाला सांगू? वाटलं, हाक मारावी आणि सगळ्या गावासमोर सांगावं, अरे, मी तुझ्या आईचा सख्खा भाऊ आहे, तुझ्यासाठी दुकान घालवून बसलोय. नाही मारली. मी कोण हे कळल्यावर त्यानं तोंड उघडलं, तर ते नात्यापायी उघडलं म्हणायचं. नातं न कळता आपणहून उघडलं असतं तर बरं झालं असतं.

पण पोरगं एकोणीस-वीस वर्षांचं आहे. भ्यालंय. तूही त्या जिन्यात एवढीच होतीस, नाही का? हे आज पहिल्यांदाच डोक्यात आलं.

अल्विन


रविवार, १ नोव्हेंबर

फिलीना,

थोडक्यात लिहितो. टोलिडोला एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात दुकान आहे, तिथे मला खुर्ची मिळतेय. मालक माझ्याहून लहान आहे. पत्रात त्यानं विचारलं, हात थरथरत नाही ना? नाही थरथरत. या वयात दुसऱ्याच्या हाताखाली जाणं जड जाईल, पण जाईन. महिनाअखेर इथलं दुकान बंद करतो. पाटी उतरवायची शिडी हुल्डाबाईकडून मागितली, तर तिनं दिली नाही. म्हणाली, "माझ्या शिडीवरून हे पाप मी होऊ देणार नाही."

टोलिडोचा पत्ता कागदाच्या मागे लिहिलाय. तुला तो लागेल म्हणून नव्हे. बाबांचा पत्ता तुझ्याकडे असायचा, तसा माझाही असावा, एवढंच.

तुझी पत्रं येत नाहीत, पण माझी परतही येत नाहीत. कुणीतरी ती घेतंय. सासूबाई घेत असतील तर, सासूबाई, तुम्हाला माझा नमस्कार. घर चुकलो नव्हतो मी.

अल्विन


गुरुवार, १२ नोव्हेंबर

फिलीना,

आज दहाच्या सुमाराला, पोरं एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात त्या गर्दीच्या वेळी, रोलंड कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडला. हातात पेटी. सरळ रस्ता ओलांडून माझ्या पुढच्या पायरीवर चढला. मागून कुणीतरी ओरडलं, "ट्रेंट, वेडा झालास? बंदी आहे!" त्यानं वळूनही पाहिलं नाही.

मी आत जुने टॉवेल बांधत होतो. म्हटलं, "बाहेर हो आधी! काढून टाकतील."

"काढलंय," तो म्हणाला. "काल डीनकडे गेलो होतो. सांगितलं, मशीन माझ्या हातात होतं. आपणहून आलो म्हणून ईस्टरपर्यंत घरी पाठवलंय. नंतर परत घेतील म्हणाले." मग म्हणाला, "म्हणाले, आधीच आला असतास तर नाताळपर्यंतच पाठवलं असतं. प्रार्थनागृहावरचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला."

मी हातातले टॉवेल खुर्चीच्या हातावर टाकले. एकच उरलीये, नशिबानं तीच जवळ होती.

"कुणी सांगितलं तुला जायला?" मी विचारलं.

"कुणी नाही. आई परवा आली होती."

फिलीना, तू आली होतीस! या गावात!

"माझ्या खोलीत बसली, तुमची सगळी पत्रं काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, वाच. मी वाचली. डीनकडे जा असं ती एकदाही म्हणाली नाही. मग मी तिला इथे घेऊन आलो. त्या समोरच्या झाडाखाली आम्ही उभे होतो. तुम्ही आत झाडत होतात. मी म्हटलं, चल ना आत. ती म्हणाली, पाय उचलत नाही रे. गाडीची वेळ होईपर्यंत तशीच उभी होती."

रस्ता ओलांडायचा होता फक्त. एवढासा रस्ता आहे गं, दुधाची गाडी आली तर अडतो. मी मान वर केली असती तर दिसली असतीस. इतके दिवस दाराकडे डोळे लावून बसलो आणि नेमका त्या वेळी कोपऱ्यातला कचरा काढत बसलो. तुझा राग आला, खूप आला. आणि तू उभी राहिलीस म्हणून इतकं बरं वाटलं की राग कुठे ठेवावा ते कळेना.

तोवर खिडकीला निम्मं कॉलेज नाकं लावून उभं होतं. रोलंडनं कोट काढला, खुंटीला अडकवला आणि खुर्चीत बसला. आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मामा, केस कापा. आईनं सांगितलंय, मामाच्या हातानं केस कापून घे आणि मगच घरी ये."

या गावात मी सगळ्यांचा कोबकाका आहे. टपालवाल्याचा, डीनचा शिपाई आहे त्याचा, चार-चार वर्षांनी निघून जाणाऱ्या सगळ्या पोरांचा. मामा कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणारा एकच होता.

मागून हुल्डाबाई शिरली. तिनं ऐकलं होतं. "मामा? अरे मेल्या, महिनाभर माझ्या शिव्या खाल्ल्यास आणि तोंडातून ब्र काढला नाहीस?" असं म्हणून तिनं मला पाठीत एक धपाटा घातला आणि पाव आणायला पळाली, रडतेय हे दिसू नये म्हणून.

टोलिडोला जायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. दोन खुर्च्या गेल्यात, त्या काही परत येत नाहीत. पण कातर चालवताना एक पोरगं आत आलं आणि म्हणालं, "काका, पुढचा नंबर माझा." त्याच्या मागे आणखी एक. त्यांना म्हटलं, थांबा, आज घरचं माणूस बसलंय.

हे पत्र टपालात टाकत नाही, त्याच्याच खिशात देतो. रेव्हरंडसाहेबांना काय सांगायचं ते तू आणि तो मिळून ठरवा. माझं नाव घेतलंत तर घ्या. वस्तरे उकळलेले होते, तेवढं मात्र जरूर सांग.

आणि त्याला दारातच उभा करून मानेवर बघत बसू नकोस. मागचे केस डावीकडे वाकडे कापले गेलेत. दोनदा सारखे करायला गेलो, आणखीच वाकडे झाले. माझा हात असा नाही, गावात कुणालाही विचार. डोळ्यांना दिसत नव्हतं गं काही.

तुझा दादा,
अल्विन